गाडी करंट खातेय

"चावी खुंटीवर न्हाय," आबा दारातून म्हणाले.

मी शर्विलला वरणभात भरवत होते. मान वर न करता म्हटलं, "माझ्याकडे आहे."

"दे की मग. फाट्यावर जाऊन येतो."

"कशाला?"

"च्या प्यायला."

"आत्ताच प्यालात की. हवा असेल तर अजून टाकते."

"घरचा च्या निराळा आन् फाट्यावरचा निराळा," ते हसत म्हणाले. "तिथं दुधात पाणी असतंय. सवय लागलीय पाण्याची."

मी हसले नाही. आदल्या दिवशी गाडीचा मागचा कोपरा ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्याला घासून आला होता आणि शर्विल त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर होता. पट्टा न लावता. मी रात्री नवऱ्याशी, संग्रामशी, फोनवर बोलले होते. संग्राम म्हणाला होता, बघ बाई, तुला योग्य वाटेल ते कर, मी इथून काय करणार. तो तमिळनाडूत, इरोडला. आमच्या भागातल्या निम्म्या घरांसारखा आमचाही गलाईचा धंदा, सोनं-चांदी गाळायचा. आबांनी, माझ्या सासऱ्यांनी, आयुष्य त्याच दुकानात ॲसिडच्या धुरात काढलं आणि छातीत खरखर घेऊन गावी परतले. मग संग्राम त्या गादीवर बसला. दिवाळीला आणि जत्रेला यायचा. एरवी घरात आबा, मी आणि तीन वर्षांचा शर्विल. सासूबाई, म्हणजे आत्या, आदल्या मार्गशीर्षात गेल्या होत्या.

"आबा, तुम्ही आता गाडी चालवायची नाही," मी म्हटलं. "डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तरी नाही."

त्यांनी रिकाम्या खुंटीकडे बघितलं. मग म्हणाले, "उभी गाडी खराब होती गं. रोज फिरवाय पायजे."

"रविवारी मी काढीन की."

"रविवारी," ते म्हणाले आणि चपला काढून पडवीत जाऊन बसले.

ही गाडी म्हणजे माझ्या दृष्टीनं एकच गोष्ट होती: शर्विलचा श्वास. त्याला बाळदमा होता. वाफेचं मशीन घरात होतं, पण ते पुरेनासं झालं की विट्याचा दवाखाना गाठायला लागायचा, अर्ध्या तासाचा रस्ता. तेवढ्यासाठीच मी गाडी शिकले होते. त्याच्या छातीचा आवाज मला स्वयंपाकघरातूनही ऐकू यायचा. उशा उन्हात, गोधड्या उकळत्या पाण्यात. घरात उदबत्ती नाही, धूप नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले होते. देवापुढचा दिवाही नको, हे त्यात मी माझ्या पदरचं घातलं. तेल जळलं की काजळी होतेच, असा माझा हिशेब. आत्या त्यावरून माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नव्हत्या. मग एके दिवशी त्यांनीच समई घासून पुसून कपाटात ठेवली आणि तो विषय पुन्हा काढला नाही. मला वाटलं, पटलं त्यांना.

चावी काढून घेतल्याला आठवडा झाला असेल. बाजाराला जायचं म्हणून मी गाडीत बसले, सेल्फ मारला, तर नुसतं टक् झालं. पुन्हा टक्. विट्याहून बॅटरीच्या दुकानातला सुभान मोटरसायकलवर दुसरी बॅटरी बांधून आला. केबल जोडून त्यानं गाडी चालू केली, दुकानापर्यंत न्यायला लावली, तिथं बॅटरी तपासली.

"बॅटरी चांगली हाय वहिनी," तो म्हणाला. "गाडी करंट खातीय."

"म्हणजे?"

"बंद असताना बी कायतरी चालू राहतंय. आतली लाईट, रेडिओ, कायबी. रोज चालली की भरून निघतंय, उभी राहिली की उतरतीय. घरातलं कोण बसतं का गाडीत?"

बसत होते. आबा दुपारी दार उघडं टाकून मागच्या सीटवर पेपर वाचत बसायचे. चावी नव्हती तरी दारं उघडी असायची. मी घरी आले आणि त्यांना सांगितलं, "दार उघडं राहिलं की दिवा जळतो. बॅटरी उतरते त्यानं."

आबांनी पेपर खाली घेतला. "कुटला दिवा?"

"छताचा. आतला."

"हां," ते म्हणाले. "तो व्हय."

त्या दिवसापासून मी गाडीला कुलूप घालायला लागले. चारही दारं, डिकी. आबा गाडीत बसायचे बंद झाले, पण गाडीपासून हलेनात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अंगण दिसायचं. ते फडकं घेऊन गाडीच्या मागं उभे असायचे, डिकी पुसत. पुसून झाली तरी तळवा तिच्यावर ठेवून उभे. शेजारच्या पारूकाकी एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "म्हाताऱ्याला इरोडची आठवण येतीय जणू. नाहीतर सुनंनं चावी काढल्याचं दुःख." त्या हसल्या. मला त्याचाच राग आला. वाटलं, गल्लीला दाखवायला उभे राहतात.

दोनदा त्यांनी चावी मागितली. दुसऱ्यांदा म्हणाले, "मी न्हाय चालवत. तू चालव, मी शेजारी बसतो. नुसती एक चक्कर."

"शर्विल झोपलाय आबा. त्याला टाकून कुठं जाऊ? आणि धुळीत त्याला उगाच का फिरवू?"

"ते बी खरं," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी शर्विल उठला तोच शीळ वाजल्यासारखा श्वास घेत. मशीन लावलं. मानेखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत जात होता. दुसरी वाफ दिली. ओठांचा रंग बदलायला लागला, तशी मी त्याला उचलून गाडीत घातलं, सेल्फ मारला.

टक्.

"आबा, धक्का मारा!"

आबा मागं धावले. अंगण रस्त्याच्या खाली, गाडी चढावर चढवायची होती. त्या माणसाला स्वतःला श्वास पुरत नव्हता. त्यांनी दोनदा खांदा लावला आणि तिसऱ्यांदा डिकीवर ओणवे होऊन धापा टाकत राहिले. मी शर्विलला घेऊन रस्त्यावर पळत गेले. दुधाचं पिकअप घेऊन पोपटभावजी चालले होते, त्यांनी कॅन तिथंच उतरवले आणि आम्हांला घेतलं. मी वळून बघितलं. आबा माझ्याकडे, पोराकडे बघत नव्हते. गाडीच्या मागं उभे राहून डिकीच्या फटीला डोळा लावायचा प्रयत्न करत होते.

ते मी विसरू शकले नाही. दवाखान्यात शर्विलच्या नाकाला नळी लावलेली असताना मी तेच आठवत बसले. नातू निळा पडतोय आणि माणूस गाडी बघतो.

दोन दिवसांनी त्याला घरी आणलं. आबा पडवीतून उठले, शर्विलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्यामुळं झालं हे."

मला वाटलं, कबूल केलं. "दुसरी चावी आहे ना तुमच्याकडे?"

"न्हाय."

"मग कुलूप घातलेली गाडी उतरली कशी?"

ते शर्विलची टोपी नीट करायला लागले.

"आबा, पोराच्या जिवापेक्षा तुमची हौस मोठी होती का?"

त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होते. मग हात जोडल्यासारखे केले आणि आत गेले. रात्री जेवले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या कोटाचे खिसे बघितले. उशाखाली बघितलं. पत्र्याच्या ट्रंकेत, घडी घातलेल्या धोतरांमध्ये हात घातला. आत्यांचं एक लुगडं होतं, डांबरगोळ्या होत्या. चावी नव्हती. न्हाणीतून पाण्याचा आवाज थांबला तशी मी ट्रंक लावून बाहेर आले आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपण जरा थांबायला पाहिजे.

चावी नसेल, तर दोष गाडीतच होता. मी फिजिक्सची पदवीधर. घरातले मिक्सर, इस्त्री मीच उघडायचे, मल्टिमीटर माझ्याकडे होता. सुभाननं पुन्हा गाडी चालू करून दिली होती आणि मी ती लांबवर फिरवून आणली होती. रविवारी सकाळी, शर्विल भरल्या पोटी झोपल्यावर, मी बॉनेट उघडलं.

रीत सोपी आहे. बॅटरीची काळी केबल काढायची आणि केबल व बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडायचा, म्हणजे गाडी बंद असताना जो काही करंट जातोय तो मीटरमधून जाईल. मग एकेक फ्यूज उपसायचा. ज्या फ्यूजला आकडा खाली येईल, त्या वायरीवर चोर.

आकडा होता. फार नाही, पण रात्रंदिवस जात राहिला तर बॅटरी रिकामी करायला पुरेसा. मी दिव्यांचा फ्यूज काढला. आकडा हलला नाही. रेडिओचा काढला. हॉर्न, वायपर, पंखा. शेवटी सगळे फ्यूज माझ्या ओच्यात आणि आकडा आपला तस्साच. म्हणजे हे जे कोण जेवत होतं, ते पंगतीत बसलेलंच नव्हतं. थेट स्वयंपाकघरातून वाढून घेत होतं.

मग मी बॅटरीजवळ डोकं घातलं. लाल टोपीखाली, जाड केबलच्या आड, एक बारीक लाल वायर होती. तिच्यावर काळी पट्टी गुंडाळलेली. कारखान्यातून आलेली नव्हती ती, कुणीतरी नंतर जोडलेली. मी नट सैल केला, वायर ओढून काढली आणि मीटरकडे बघितलं.

शून्य.

मी हसले. एकटीच, मोठ्यानं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी हातात आल्यासारखं वाटलं. संग्रामला फोन करायचा, आबांना दाखवायचं, सुभानला सांगायचं, असं सगळं मनात आलं. पण आधी ही जाते कुठं ते बघू म्हणून मी वायरीच्या मागं निघाले. ती दाराच्या पट्टीखालून आत शिरली होती. मॅट उचलली, तिथं होती. मागच्या सीटखालून डिकीकडे गेली होती. मी डिकी उघडली, स्टेपनीवरचा पुठ्ठा उचलला.

स्टेपनीच्या पोकळीत खणाचा तुकडा अंथरला होता. त्याच्यावर चांदीचा टाक, आमच्या कुलदेवीचा, यमाईचा. देव्हाऱ्यातला टाक आत्या गेल्यावर मी शोधला तेव्हा सापडला नव्हता, मी समजत होते त्यांच्याबरोबर गेला. हळदकुंकू. जास्वंदीचं एक फूल, वाळून कागद झालेलं. आणि टाकापुढं, पितळी निरंजनात बसवलेला छोटा लाल बल्ब.

मी त्याला बोट लावलं. काच अजून गरम होती.

"सापडला व्हय?" मागून आबांचा आवाज आला.

मी वळले. ते बल्बकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"हे काय आहे, आबा?"

"तिचा नवस." त्यांनी डिकीच्या कडेवर हात टेकला. "पोरगं वर्षाचं हुतं तवाचा. सांगलीला न्हेत हुतो ना आपण, पयल्यांदा. संग्राम चालवत हुता, तू फुडं रडत हुतीस. पोरगं मागं हिच्या मांडीवर. श्वासच घेईना. ही तिथंच, गाडीत, यमाईला बोलली. श्वास दे पोराला, पाच वर्षाचा होईस्तवर तुझ्याम्होरं दिवा इझू देणार न्हाय. आन् त्यानं श्वास घेतला."

"मग घरात…" मी म्हटलं आणि थांबले.

"घरात तू लावू देईनास." ते पटकन म्हणाले, "तुझं बी बरोबर हुतं. धुराचं खरं हाय. म्हणून मग जत्रंतल्या लायटिंगवाल्याला बोलावला. त्याला म्हटली, असा जोड की कदी बंदच झाला न्हाय पायजे. गाडीतच बोलली हुती, गाडीतच लावला."

"मला सांगायचं नाही का?"

"नवस फिटायच्या आधी बोलून दाखवत न्हाईत. आन् तुला सांगितलं असतं तर तू काढाय लावला असतास."

लावलाच असता.

"फाट्यावरचा चहा…"

"कसला च्या घेऊन बसलीस." ते क्षणभर हसले. "गाडी फिरली की बॅटरी भरती, म्हणून. जाताना मला तेवढंच सांगून गेली ती. रोज फिरवा म्हणून. फुलं बदला म्हणून."

शर्विल आत झोपेत खोकला. आम्ही दोघंही कान देऊन थांबलो. पुढचा खोकला आला नाही.

"त्या दिवशी गाडी टक् झाली ना," आबा म्हणाले, "तवाच मला कळलं. दिवा इझला आन् पोराला झालं. फटीतनं बघत हुतो, कायबी दिसंना. माझ्या हातनं झालं ते. तू हौस म्हणालीस, तर म्हटलं म्हणू दे. खरं त्याहून वंगाळ हाय."

मी तोपर्यंत स्वतःला आवरून होते. ह्या दिव्यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्या माणसाच्या डोक्यात इतके दिवस काय चाललं होतं, ते मला दिसलं, आणि त्यात मी वरून काय टाकलं होतं तेही.

"नाही आबा," मी म्हटलं. "विझला नव्हता. ऐका माझं. इंजिन फिरवायला खूप करंट लागतो. एवढ्याशा बल्बला अगदी थोडा. गाडी टक् झाली तरी हा जळत होता. मंद झाला असेल, पण जळत होता."

"माझ्या समाधानासाठी म्हणतीस."

"नाही. हात लावून बघा."

त्यांनी वाकून दोन बोटं बल्बवर ठेवली. ठेवून राहिले. त्यांचा चेहरा असा सुटत गेला की मला दुसरीकडे बघावं लागलं.

"गरम हाय गं," ते म्हणाले. "अजून गरम हाय."

"म्हटलं ना."

"म्हंजे तवाबी हुता. सगळा येळ हुता." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग बल्बकडे पुन्हा बघितलं आणि हळूच विचारलं, "मग आत्ता कशानं इझला?"

बॉनेट उघडंच होतं. फ्यूज माझ्या ओच्यात होते. पान्ह्याचा काळा डाग माझ्या हाताला.

"मी वायर काढली," मी म्हटलं. "तुम्ही यायच्या आधी."

त्यांनी टाकावरचं वाळकं फूल उचललं, तळव्यावर घेतलं, फुंकर मारली.

"आबा, मला माहीत नव्हतं."

"तुला कसं म्हाईत असणार? तू पोरासाठीच करत हुतीस. ती बी पोरासाठीच करत हुती." फुलाचा चुरा त्यांनी बाजूला टाकला. "जोड ती."

मी पुढं गेले. लाल वायर पुन्हा नटाखाली घेतली, काळी केबल लावली. पान्हा दोनदा निसटला. मागून आवाज आला, "लागला." मी तिथंच उभी राहिले. मागं जायचा धीर होईना.

थोड्या वेळानं तेच माझ्याजवळ आले. बॉनेटला टेकून उभे राहिले. म्हणाले, "ती इचारणार हाय मला. गेल्या गेल्या पयलं हेच इचारणार. इझला न्हवता न्हवं?"

"काय सांगाल?"

"सांगीन, इझला न्हाय म्हणून." आबा अंगणाकडे बघत होते. "सुनंचं नाव कशाला घ्यायचं?"

त्यानंतर रोज सकाळी मी शर्विलला पट्टा बांधून मागं बसवायचे, आबा माझ्या शेजारी, आणि आम्ही फाट्यापर्यंत जाऊन यायचो. पाण्याचा चहा मीही प्यायला शिकले. संग्रामला मी सांगितलं, गाडीतला दोष सापडला. काय होता विचारलं, तर म्हटलं, एक वायर सैल होती. शर्विल पाच वर्षांचा झाला त्या दिवशी आबांनी स्वतः बल्ब काढला आणि टाक देव्हाऱ्यात आणून ठेवला. शर्विलचा दमा पुढं कमी होत गेला. डॉक्टर म्हणाले होते, वयानुसार जाईल, तसा गेला.

आबा गेल्या पावसाळ्यात गेले. संग्राम पोहोचेपर्यंत त्यांना ओसरीवर ठेवलं होतं. बायका आत होत्या, पुरुष बाहेर तिरडीची तयारी करत होते, क्षणभर त्यांच्याजवळ मी एकटीच होते. मी खाली बसले. त्यांच्या कानाशी वाकले.

"आबा," मी म्हटलं, "माझं नाव सांगा."